एकट्याचा इंडस्ट्रियल अल्बम, सांगली-साताऱ्याच्या यंत्रांवर

बिल रीफ्लिन हे नाव इंडस्ट्रियल रॉक ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं ते ड्रमर म्हणून. मिनिस्ट्रीचा १९८९ चा अल्बम, रिव्हॉल्टिंग कॉक्स, केएमएफडीएम, स्वान्स, पुढे आर.ई.एम. आणि किंग क्रिमसन, अशा बँडमध्ये त्याने वाजवलं. २०२० साली तो गेला. १९९९ साली त्याने ‘बर्थ ऑफ अ जायंट’ हा स्वतःच्या नावाचा अल्बम काढला होता, हे मात्र या बँडच्या चाहत्यांपैकीही पुष्कळांच्या गावी नसतं. त्यात तो स्वतः गातो. सोबतीला किंग क्रिमसनचे रॉबर्ट फ्रिप, ट्रे गन आणि गायक ख्रिस कॉनेली आहेत. मिनिस्ट्रीतली त्याची घणाघाती वाजवणी डोक्यात ठेवून ऐकायला बसलं की पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, आणि बहुधा त्यामुळेच अल्बम मागे पडला. आमच्या मते एकट्याने इंडस्ट्रियल अल्बम, म्हणजे आसपासच्या यंत्रांचे आवाज टिपून त्यांवर उभा केलेला अल्बम, करू पाहणाऱ्याने शिकायचं ते इथूनच.

काम सुरू करायच्या आधी तो हेडफोनवर दोनदा ऐका. पहिल्या वेळी कागदावर फक्त एवढंच टिपा: ड्रम कुठे नाहीत किंवा मागे आहेत. दुसऱ्या वेळी पाहुणे वादक कुठे येतात आणि त्या जागी बाकीचं काय थांबतं. ज्या वाद्याने नाव दिलं ते वाद्य माणसाने किती वेळ आवरून धरलंय, हे त्या कागदावर दिसतं. आपल्या कामात यंत्र हेच ते वाद्य. ते पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत खडखडत राहिलं तर ऐकणाऱ्याचा कान तिसऱ्या मिनिटाला बधिर होतो आणि पुढचा सगळा खटाटोप वाया जातो.

कुठलं यंत्र, कुठल्या महिन्यात

या दोन जिल्ह्यांत यंत्र काही काल-परवा आलेलं नाही. किर्लोस्करवाडीच १९१० ची. पण सगळी यंत्रं बारा महिने चालत नाहीत, म्हणून आधी वर्षाचा आराखडा करा. साखर कारखाना आणि कऱ्हाडकडची गुऱ्हाळं ऊस असेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. हळद पॉलिश करायचे ड्रम फेब्रुवारीपासून उन्हाळाभर. विट्याचे यंत्रमाग, कुपवाडच्या आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतले पॉवर प्रेस, लेथ, फाउंड्री हे वर्षभर. पावसाळा पत्र्यावरच्या पावसासाठी राखून ठेवा. मात्र कंडेन्सर मायक्रोफोन दमट हवेत चरचरतो, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवायचा आणि कामाच्या वेळीच बाहेर काढायचा.

एका अल्बमला तीन-चार यंत्रं पुरतात. दहा ठिकाणचे आवाज आणले की प्रत्येकाचं थोडंथोडंच हाती लागतं आणि गाणी नमुन्यांच्या पेटीसारखी होतात. निवडताना एक ठोक्याचं यंत्र घ्या (प्रेस किंवा माग), एक सलग फिरणारं (हळदीचा ड्रम, लेथ), एक श्वासाचं, म्हणजे वाफ किंवा हवा सोडणारं (एअर सिलिंडर, कारखान्यातली वाफेची लाइन), आणि जमलं तर एक जुनं, संथ ऑइल इंजिन.

वीज कुठल्या सुरात गुणगुणते

याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि मग गिटार किंवा आवाज यंत्रावर ठेवला की काहीतरी बेसूर लागतं, कारण सापडत नाही.

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचा आणि मोटरचा लोखंडी गाभा दर आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून गुणगुण ऐकू येते ती १०० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. पेटीच्या भाषेत १०० हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी पाच, पण नेमकी नव्हे: ती पट्टी ९८ हर्ट्झला येते, वीज तिच्यापेक्षा ३५ सेंट चढी आहे. म्हणजे अर्धस्वराचा तिसरा हिस्सा. तेवढ्याने सूर उघड खोटा लागत नाही, पण ‘कुठेतरी कचकचतंय’ असं वाटायला ते पुरेसं असतं.

इलाज दोन आहेत, त्यातला एकच निवडायचा. पहिला: वाद्यं विजेला मिळवा. गिटारच्या ट्यूनरवर ‘ए’चा संदर्भ ४४० ऐवजी ४४९ करा, बऱ्याचशा ट्यूनरवर तो ४५० पर्यंत जातो, त्यामुळे जेमतेम बसतं. दुसरा: गाण्यात पेटी किंवा सूर न बदलता येणारं दुसरं वाद्य असेल तर यंत्राचं ध्वनिमुद्रणच ३५ सेंट खाली उतरवा. आम्ही पहिला मार्ग सुचवतो, कारण यंत्राचा आवाज ताणला-दाबला की त्याच्या ठोक्याची धार थोडी तरी बोथट होते.

तंबोरा वापरायचा असेल तर हिशेब आणखी सुंदर जमतो. पंचमाची तार बरोबर १०० हर्ट्झला लावा आणि तिच्यावरून जोडीच्या तारांचा षड्ज मिळवा, तो १३३.३ हर्ट्झला येईल, म्हणजे पांढरी एकपेक्षा थोडा चढा. मोटर सुरू झाली की ती आपोआप पंचमाच्या तारेत मिसळते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा दाखवलात तर जवारी, म्हणजे तारांचा झंकार, या पट्टीला उघडी लावून मिळेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते वाद्य हाताशी असताना संगणकातला तयार तंबोरा घालू नका. त्यात तार सैल होत जाण्याचा जिवंतपणा नसतो.

इंटरनेटवरून अमेरिकन यंत्रांचे तयार आवाज घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून गुणगुण १२० ची. आपल्या १०० ला षड्ज मानलं तर ती बरोबर कोमल गंधार होते. मुद्दाम वापरली तर छान, नकळत आली तर सगळं गाणं उदास होतं आणि का ते कळत नाही. बर्लिनमध्ये १९८० साली लोखंड आणि ड्रिल मशीन घेऊन उभ्या राहिलेल्या आइनश्टुर्त्सेंडं नॉयबाउटनच्या मागे मात्र आपलीच ५० हर्ट्झची वीज होती.

यात तीन अपवाद आहेत. मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं विजेचं उपकरण) जोडलेला असेल तर गुणगुण वेगाप्रमाणे सरकते, वर काही किलोहर्ट्झची शिट्टीही असते. वीज गेल्यावर जनरेटरवर चाललेलं यंत्र वेगळ्या सुरात असतं: भार नसताना जनरेटर ५२ हर्ट्झपर्यंत जातो आणि भार पडला की खाली येतो. जनरेटरवरचं आणि लाइनवरचं ध्वनिमुद्रण एका गाण्यात मिसळू नका. आणि तिसरं, मोटरच्या पाटीवर १४४० फेरे लिहिलेले असतात ते पूर्ण भाराचे. मोकळी मोटर १४९० च्या जवळ फिरते. म्हणून चरकात ऊस शिरला किंवा लेथवर काप बसला की घरघर अर्धस्वराच्या निम्म्याहून थोडी जास्त उतरते, पण विजेची गुणगुण जागेवरच राहते. दोन सूर एकमेकांपासून सुटतात तो क्षण कानाला ओढून घेतो. भार पडतानाचा आवाज हवाच, तो सोडून येऊ नका.

पितळी चकतीचा मायक्रोफोन

शेडमध्ये वीस यंत्रं चालू असताना एकाचाच आवाज हवा असेल तर हवेतून ऐकणारा मायक्रोफोन कामाचा नाही. लोखंडाला चिकटवायचा पायझो, म्हणजे थरथरीचं विजेत रूपांतर करणारी चकती, लागतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात २७ मिलिमीटरची पितळी चकती, तारा आधीच डाग दिलेली (सोल्डर केलेली), दहा ते तीस रुपयांना मिळते. चार घ्या, दोन मोडतातच.

चकती सरळ रेकॉर्डरच्या माइक इनपुटला लावली की आवाज पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात, पायझो असाच असतो. तो असा नसतो. चकतीची धारिता साधारण २० नॅनोफॅरड. २ किलोओहमच्या माइक इनपुटला ती जोडली की ४,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. १० किलोओहमच्या लाइन इनपुटला ही मर्यादा ८०० हर्ट्झ. १ मेगाओहमला ती ८ हर्ट्झवर येते, म्हणजे पूर्ण खर्ज मिळतो. ऑडिओ इंटरफेसवर गिटारसाठी वेगळं इनपुट असेल तर ते बहुधा १ मेगाओहमचंच असतं. घरी तेवढं पुरतं. शेडमध्ये नेण्यासाठी छोटा बफर, म्हणजे चकती आणि रेकॉर्डर यांच्या मधलं सर्किट, करून घ्या. सगळं सामान दोन-तीनशे रुपयांच्या आत बसतं.

सामान: एक टीएल०७२ आयसी आणि आठ पायांचा सॉकेट, १०० किलोओहमचे दोन, १ मेगाओहमचा एक, १० किलोओहमचा एक आणि १०० ओहमचा एक रेझिस्टर, १०० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचे दोन, १एन४१४८ डायोड दोन, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, गिटारचा एक जॅक, पत्र्याची छोटी डबी.

जोडणी अशी. बॅटरीचा धन पाय ८ ला, ऋण पाय ४ ला. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर धन-ऋणच्या मध्ये एकापुढे एक. त्यांच्या मधल्या बिंदूवर साडेचार व्होल्ट मिळतात. तिथून ऋणाकडे १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. त्याच बिंदूतून १ मेगाओहम पाय ३ ला. चकतीची पांढरी, म्हणजे सिरॅमिकची बाजू १० किलोओहम आणि मग १०० नॅनोफॅरडमधून पाय ३ ला. पितळेची बाजू ऋणाला. पाय २ थेट पाय १ ला. पाय १ पासून दुसरा १० मायक्रोफॅरड (धन टोक आयसीकडे), पुढे १०० ओहम, मग जॅक (त्याचं दुसरं टोक ऋणाला). दोन डायोड पाय ३ पासून: एकाची पट्टी धनाकडे, दुसऱ्याची पट्टी पाय ३ कडे आणि उघडी बाजू ऋणाकडे. आयसीतला उरलेला निम्मा भाग मोकळा सोडू नका: पाय ६ आणि ७ एकत्र, पाय ५ साडेचार व्होल्टच्या बिंदूला. मोकळा ठेवला तर तो स्वतःच थरथरतो आणि वर सूं सूं ऐकू येते.

डायोड फालतू वाटतात म्हणून गाळू नका. पायझोवर घण बसला तर तो काही दहा व्होल्टचा झटका देतो, आयसी तिथेच जातो.

डाग स्वतः द्यायचा असेल तर २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, आणि सिरॅमिकवर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त नको. जास्त तापलं की वरचा चांदीचा लेप निघतो आणि चकती मुकी होते. चकतीवर इन्सुलेशन टेपचा एक थर, त्यावर तांब्याची पट्टी गुंडाळून ती ऋणाला जोडा. हे कवच नसेल तर चकती आसपासच्या पॅनेलची गुणगुण अँटेनासारखी ओढते. ती गुणगुण यंत्राची की वायरची हे ओळखायची रीत सोपी: यंत्र बंद असताना चकती हातात धरा. तेव्हाही गुणगुण आली तर दोष तुमच्या जोडणीत आहे. तारा जितक्या आखूड तितकं बरं. बफर चकतीपासून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, पुढची केबल कितीही लांब चालेल. रेकॉर्डरची फँटम पॉवर (मायक्रोफोनला केबलमधून दिली जाणारी वीज) बंद.

चिकटवायच्या आधी लोखंडावरचं तेल आणि धूळ कापडाने पुसा, मग दुहेरी टेप आणि वरून छोटा सी-क्लॅम्प. नुसत्या टेपवर चकती सैल राहिली तर प्रत्येक ठोक्याला स्वतःच फडफडते. जागा नेहमी स्थिर भागाची: बेअरिंगची बैठक, मागाची बाजूची चौकट, प्रेसचा पाया. फिरत्या भागावर, मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर किंवा कुठल्याही पॅनेलवर कधीच नाही. हात लावून धरवत नाही इतक्या तापलेल्या जागेवरही नाही. टेप सुटते आणि चकती पट्ट्यात जाते.

मालकाची परवानगी आणि अंगावरचे कपडे

मालकाला किंवा मॅनेजरला आधी भेटा, काय करणार ते साध्या शब्दांत सांगा आणि लेखी परवानगी घ्या. ग्राहकांच्या ड्रॉइंगचे, मालाचे फोटो काढणार नाही हे आपणहून सांगा. खरी भीती तीच असते. कामगारांचं बोलणं ध्वनिमुद्रणात येतंच. ते गाण्यात ठेवायचं असेल तर त्या माणसाला ऐकवून विचारा, नाहीतर कापा. पाळी बदलतानाची पंधरा-वीस मिनिटं सोन्याची: यंत्रं एकेक करून थांबतात आणि सुरू होतात.

सैल बाही, ओढणी, मफलर, गळ्यात लोंबणारी हेडफोनची वायर हे काही चालणार नाही. वायर शर्टाच्या आतून घ्या. कानांचा हिशेब असा धरतात: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. मागांच्या शेडमध्ये ९५ च्या वर आवाज सहज असतो. कानात फोमचे बोळे आणि त्यावर बंद हेडफोन घालूनच उभे राहा. आणि ज्यांच्यासोबत उभे आहात ते दररोज आठ तास तिथेच असतात, हे मनात असू द्या.

रेकॉर्डरची मांडणी: वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. ज्या आवाजाला पुढे एक-दोन सप्तकं खाली ओढायचंय तो ९६ वर घ्या, कारण दोन सप्तकं उतरवल्यावर २० किलोहर्ट्झचा आवाज ५ वर येतो आणि ४८ च्या फाइलमध्ये वर काहीच उरत नाही. स्टिरिओ, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला तासाला साधारण एक जीबी लागतं. ऑटो लेव्हल आणि लिमिटर दोन्ही बंद. ऑटो लेव्हल चालू राहिला तर प्रत्येक ठोक्यानंतर मागचा गोंगाट फुगतो आणि परत बसतो, हे नंतर कशानेही निघत नाही. सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलवर राहील असं ठेवा.

काटा लालमध्ये जात नाही तरी आवाज फाटतोय, असं झालं तर हवेतल्या मायक्रोफोनलाच तेवढा आवाज पेलत नसतो. लेव्हल कमी करून उपयोग नाही, दूर व्हा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. पत्र्याच्या शेडमध्ये तेवढे होत नाहीत, भिंती आवाज परत फेकतात. तिथे मागे सरकल्याने घुमारा वाढतो एवढंच. मग पायझोवर भरवसा ठेवा आणि हवेतला मायक्रोफोन घुमाऱ्यासाठीच वापरा.

हळदीच्या ड्रमपाशी रेकॉर्डर उघडा ठेवू नका. ती बारीक पिवळी धूळ फोममधून आत जाते आणि मायक्रोफोनच्या पडद्यावर बसली की वरचे सूर कायमचे मंद होतात. फोमच्या कव्हरवर पातळ नायलॉनचा मोजा ओढा आणि ड्रमच्या तोंडासमोर न राहता, वारा तुमच्याकडून ड्रमकडे जाईल अशा बाजूला उभे राहा. प्लास्टिकची पिशवी गुंडाळली तर धूळ थांबते, पण आवाजही गुदमरतो.

प्रत्येक यंत्राचे पाच प्रकार घ्यायचे: सुरू होताना, मोकळं चालताना निदान तीन मिनिटं, भारावर तीन मिनिटं, बंद होऊन पूर्ण थांबेपर्यंत, आणि शक्य असेल तर एकेक सुटा ठोका. शेवटी शेड शांत असताना दोन मिनिटं नुसती शांतता. त्याच शांततेत एक मोठा फुगा फोडा आणि घुमारा विरेपर्यंत हलू नका. ही फाइल रीपर या संगणकावरच्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधल्या रिआव्हर्ब या घुमाऱ्याच्या साधनात टाकली की तुमच्या खोलीत घेतलेला आवाज त्याच शेडमध्ये उभा राहतो. विकतच्या कुठल्याही रिव्हर्बपेक्षा आम्हाला हा मोलाचा वाटतो. फुगा फोडायचा हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा.

फाइलच्या सुरुवातीला तोंडाने बोला: तारीख, यंत्र, मोकळं की भारावर, लाइन की जनरेटर, चकती कुठे लावली. महिन्याभराने तीच गोष्ट उपयोगी पडते.

मागाची लय, इंजिनाची लय

मागावर थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त बिघाड इथे होतो. साध्या धोट्याच्या मागात धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फेकला जातो. फणी प्रत्येक फेकीला ठोका देते, पण धोटा मारणारे दोन्ही बाजूंचे कॅम वेगवेगळे जुळवलेले असतात आणि खालचा शाफ्ट दोन फेकींना एक फेरा पूर्ण करतो. त्यामुळे डावा आणि उजवा ठोका कधीच सारख्या अंतरावर पडत नाहीत. लय किंचित लंगडते. संगणकातल्या क्वांटाइझने (ठोके सारख्या अंतरावर बसवणाऱ्या सोयीने) ते सरळ केलं की माग मरतो आणि उरतं ते कुठल्याही ड्रम मशीनचं टिकटिक. म्हणून एकक धरायचं दोन ठोक्यांचं. दोन्ही बाजूंच्या चौकटीवर एकेक चकती लावा, एक डाव्या वाहिनीत, एक उजव्या. धोटा डोक्यातून इकडून तिकडे जातो.

टेम्पो काढायची रीत: लाट पडद्यावर पाहून २० सेकंदांतले ठोके मोजा आणि तीनने गुणा. ४२ ठोके असतील तर १२६. हे फाइलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन जागी करा. फरक दोन-तीनचा असेल तर गाण्याचा टेम्पो यंत्रामागे न्या: रीपरमध्ये दर आठ मात्रांना टेम्पोची खूण ठोकत जा आणि बाकी वाद्यं त्यावर वाजवा. उलट केलंत, म्हणजे यंत्राला ताणून स्थिर टेम्पोवर बसवलंत, तर ठोक्यांच्या कडांना पाण्यातल्यासारखी सळसळ येते.

संथ ऑइल इंजिन मिनिटाला साधारण ६५० फेरे घेतं. चार स्ट्रोकचं असल्याने स्फोट दोन फेऱ्यांना एक, म्हणजे मिनिटाला ३२५. त्याचे चार-चार स्फोट एका मात्रेत धरले की गाणं ८१.२५ वर बसतं. हा वेग गायला अतिशय सोयीचा आहे, आणि गव्हर्नर इंधन कमी-जास्त करताना होणारी धाप आपसूक मिळते.

तुकडे आणि मिक्स

सुटे ठोके कापताना तुकडा लाट शून्यावर असेल तिथून सुरू करा आणि पुढे-मागे पाच मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर प्रत्येक वेळी टिक वाजते. एकाच ठोक्याचा एकच तुकडा सगळीकडे चिकटवू नका; सहा-सात वेगळे तुकडे आळीपाळीने वापरा.

किकसाठी पॉवर प्रेसचा ठोका, २०० हर्ट्झच्या वरचं बरंचसं कमी करून, आणि त्याखाली ५० हर्ट्झचा शुद्ध सूर, फार तर १५० मिलिसेकंदांचा. ५० घेतल्याने तो गुणगुणीच्या बरोबर एक सप्तक खाली येतो. स्नेअरच्या जागी मागाचा ठोका. हाय-हॅटच्या जागी एअर सिलिंडरची फुस्स. बाससाठी मोटरची घरघर. वरच्या आडव्या सुरांसाठी लेथच्या गिअरचं कण्हणं दोन सप्तकं खाली ओढून, सोबत तंबोरा.

पायझो आणि हवेतला मायक्रोफोन एकत्र वाजवताना ठोका दुहेरी किंवा पोकळ वाटला तर कारण अंतर आहे. आवाजाला एक मीटर कापायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. मायक्रोफोन तीन मीटरवर होता तर त्याचा ट्रॅक नऊ मिलिसेकंद अलीकडे ओढा आणि कानाने जुळवा. नाही जुळलं तर एकाचा फेज उलटा करून बघा.

डिस्टॉर्शन सगळ्यावर सरसकट लावलं की खर्ज आधी जातो. ट्रॅकची प्रत करा, प्रतीत १२० हर्ट्झच्या खालचं कापा, तीच प्रत हवी तेवढी फाडा आणि मूळच्या स्वच्छ ट्रॅकखाली हळूहळू वर आणा. गाण्याचा आवाज कपाटातल्या कपड्यांसमोर किंवा दोन बाजूंनी टांगलेल्या गोधड्यांमध्ये घ्या. तो फाडायचा असला तरी घेताना स्वच्छच घ्या. यंत्रांतून ५०-१०० हर्ट्झ कापू नका, तो तुमचा आधारसूर आहे. गाण्याच्या आवाजात वायरमुळे तोच आला असेल तर तिथे मात्र बारीक नॉचने (तेवढाच सूर कापणाऱ्या फिल्टरने) काढा.

मग तो रीफ्लिनचा कागद समोर ठेवा आणि प्रत्येक गाण्यात यंत्र पूर्ण बंद राहील अशी एक जागा ठरवा, निदान आठ मात्रांची. त्या जागी शेडची शांतता घाला, डिजिटल शून्य नव्हे. शून्य घातलं तर ऐकणाऱ्याला फाइल बिघडल्यासारखी वाटते. पाहुणा वादक आणणार असाल, समजा मिरजेचा एखादा सतारिया, तर त्याला तीच जागा द्या. त्याला आधीच सांगा की पट्टी ३५ सेंट चढी आहे. ऐनवेळी सतारीचे पडदे आणि तरफा हलवायला लावू नका.

अंतिम लेव्हल उणे ९ ते १० लफ्सच्या (आवाजाचा एकूण मोठेपणा मोजायचं एकक) पलीकडे नेऊ नका, ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं टोक, उणे १ डेसिबलवर थांबवा. १२८ च्या एमपी३ मध्ये वाफ आणि घर्षणाचे आवाज चिखल होतात. ऐकायला देताना फ्लॅक किंवा ३२० द्या. मोबाइलच्या स्पीकरवर ५० हर्ट्झ ऐकूच येत नाही, तिथे किक गायब झाली तर तिच्यात २०० च्या आसपास थोडं डिस्टॉर्शन मिसळा, पटीच्या सुरांवरून कान खालचा सूर ओळखून घेतो.

माहितीपत्रकात यंत्राचा प्रकार, गाव आणि महिना लिहा. ज्यांनी यंत्र चालवलं त्यांची नावं त्यांना विचारून घाला. तयार अल्बमची एक प्रत मालकाला द्या, एक शेडमध्ये. पुढच्या हंगामात तुम्हाला तिथेच परत जायचंय. मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक डिस्क घराबाहेर.